ज्या पायाला कळत नाही, त्या पायाची सँडल

एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराच्या, सँडलविषयी लिहायला बसले आहे खरी, पण एक अडचण आधीच सांगून टाकते. पादत्राण कसे आहे हे सांगण्याचा पहिला मान ज्याचा, त्या माझ्या तळपायाला या सँडलबद्दल काहीही सांगता येत नाही. सतरा वर्षांच्या मधुमेहाने माझ्या दोन्ही तळव्यांची संवेदना इतकी उणावली आहे की सँडल मऊ आहे की टणक, आत खडा शिरला आहे की नाही, पट्टा रुततो आहे की सैल पडला आहे, यांपैकी काहीच मला चालताना समजत नाही. तेव्हा पुढचा सगळा अभिप्राय हाताने चाचपून, डोळ्यांनी पाहून, पट्टीने मोजून आणि रोज रात्री सुनेकडून तळवे तपासून घेऊन बनलेला आहे. दहा महिन्यांनंतर मला असे वाटू लागले आहे की माझ्यासारख्यांनी चप्पल याच रीतीने घ्यायला हवी. पाय घालून बघणे ही आमच्यासाठी परीक्षाच नव्हे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. या सँडलच्या आधी मी दीड वर्ष दुसरीच एक चप्पल वापरत होते. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात ‘डायबेटिक चप्पल’ म्हणून ती मला दाखवली गेली. दुकानदार म्हणाला, “काकू, घालून तर बघा, लोण्यासारखी आहे,” आणि मी चार पावले चालून मान डोलावली. वास्तविक लोणी आणि पाटा यांतला फरक माझ्या पायाला तेव्हाही कळत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला मी महालातल्या आमच्या घरापासून चौकापर्यंत गेले, तासभर उभी राहिले, परत आले, दारात चप्पल काढली आणि चहा टाकायला थेट स्वयंपाकघरात गेले. मागून सुनेने विचारले, “आई, कुंकवाची डबी सांडली का हो तुमच्या हातून?” दारापासून ओट्यापर्यंत पांढऱ्या लादीवर सारख्या अंतराने लाल ठिपके पडले होते. सगळे ठिपके डाव्या पायाचे होते. चप्पल उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा टाचेचा थर बसवताना ठोकलेला एक बारीक खिळा वरच्या फोममधून अर्धा सेंटिमीटर वर आलेला दिसला. इतका वेळ मी त्याच्यावर उभी होते आणि मला काही म्हणजे काही जाणवले नव्हते. जखम भरायला नऊ आठवडे लागले. दुकानदाराने चप्पल बदलून देऊ केली, पण ‘डायबेटिक’ चपलेत खिळा कशाला, या प्रश्नाचे उत्तर काही त्याच्याकडे नव्हते.

त्या नऊ आठवड्यांत धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझ्या पायांची रीतसर तपासणी झाली. ती सांगणे आवश्यक आहे, कारण सँडल कोणती घ्यायची हे त्या तपासणीवरून ठरते, दुकानातल्या मांडणीवरून नाही. डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर तंतू तळव्यावर वेगवेगळ्या जागी टेकवला. हा तंतू दहा ग्रॅम इतका दाब पडला की वाकतो, म्हणजे दाब कमीजास्त होण्याचा प्रश्न येत नाही. तेवढा स्पर्शही कळत नसेल तर पायाचे नैसर्गिक संरक्षण गेले असे समजतात. मला दहापैकी सहा जागी कळले नाही. नंतर बायोथेसिओमीटर नावाच्या यंत्राने थरथर किती वाढवली की जाणवते ते मोजले. पंचवीस व्होल्टच्या पुढे धोका वाढतो आणि माझा आकडा ३२ निघाला. घोट्यापाशी आणि दंडाला रक्तदाब मोजून काढलेले गुणोत्तर मात्र ०.९८ आले. ते ०.९ च्या खाली असते तर पायाचा रक्तपुरवठा कमी आहे असे मानून प्रकरण वेगळ्याच वाटेने गेले असते. रक्त नीट पोचते आहे, कळते मात्र काही नाही, आणि एकदा जखम होऊन गेली आहे, म्हणून यापुढे दर दोन महिन्यांनी पाय दाखवायला या, असे मला सांगण्यात आले. ज्यांची संवेदना शाबूत आहे आणि रक्तपुरवठाही चांगला आहे, त्यांना वर्षातून एकदा तपासणी पुरते.

मधुमेहात पायाला जखम होते ती साखर ‘पायात उतरल्यामुळे’ होते, अशी समजूत आमच्या वाड्यात अजून आहे. प्रत्यक्षात वाढलेल्या साखरेने मज्जातंतू हळूहळू निकामी होतात आणि त्याचे परिणाम तीन अंगांनी दिसतात. वेदना कळेनाशी होते हे पहिले. दुसरे म्हणजे पावलातले बारीक स्नायू दुबळे पडून बोटे आकड्यासारखी वाकतात, चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पुढे सरकते आणि हाडांची टोके जवळजवळ उघडी पडून त्यांवर भार येतो; त्या जागी कातडी जाड होऊन घट्टा पडतो आणि तो घट्टाच पुढे बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला दाबत राहतो. तिसरे म्हणजे पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा जातात. यांच्या जोडीला रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर साधी जखमही भरत नाही. माझा घट्टा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. डॉक्टर तो दर खेपेला पात्याने तासून देतात. बाजारात कुरपावर लावायच्या ज्या औषधी पट्ट्या मिळतात त्यांत आम्ल असते आणि बधिर पायाला त्या चक्क भाजतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.

आता सँडलकडे वळते. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. त्यात अगदी बारीक, एकमेकींपासून बंद अशा हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ते दाब पसरवते पण स्पंजासारखे पाणी पीत नाही. या रबराची पादत्राणे आपल्याकडे मधुमेहासाठी आली नाहीत. ती कुष्ठरोग्यांसाठी आली. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रोगाने बोटे झडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे माणूस नकळत पुन्हा पुन्हा इजा करून घेतो आणि त्यातून ती जातात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मऊ रबराचे पादत्राण हा त्याच विचाराचा भाग. विदर्भातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण वरोऱ्याचे आनंदवन आणि वर्ध्याजवळचे दत्तपूर ही कुष्ठरोग्यांची आश्रयस्थाने आपल्या शेजारचीच. मात्र त्या ओळखीची एक बोचरी बाजूही आहे. मी पहिल्यांदा ही सँडल घालून बाहेर पडले तेव्हा शेजारच्या एक वयस्कर बाई माझ्या पायांकडे बघून आवाज खाली आणत म्हणाल्या, “काय हो, डॉक्टरांनी असं काय सांगितलं तुम्हाला?” काळा तळ, रुंद पट्टे, मागे बंद, हे रूप त्यांनी तरुणपणी कुठे पाहिले असेल ते मला लगेच उमगले. उत्तर देण्याआधी मी क्षणभर अडखळले, याची मला पुढे लाज वाटली.

माझी सँडल सक्करदऱ्याकडच्या एका छोट्या कार्यशाळेत मापाने बनवून घेतली. दवाखान्यातून लिहून दिलेला कागद नेला होता, पण कारागिराने तो वाचण्याआधी माझे पाऊल हातात घेतले, अंगठ्याने चवडा चाचपला आणि नेमका घट्टा जिथे आहे तिथे थांबला. माप द्यायला सकाळी आले म्हणून त्याने मला परत पाठवले. पाय दिवसभरात सुजतात, सकाळचे माप संध्याकाळी घट्ट होते, म्हणून सहानंतर या, म्हणाला. संध्याकाळी कागदावर उभे करून दोन्ही पावलांची वेगळी आकृती काढली, कारण माझे डावे पाऊल किंचित रुंद निघाले. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा त्याने सोडली. जोड तयार व्हायला आठ दिवस लागले आणि १,९०० रुपये पडले.

रचनेत दोन थर आहेत. पायाला लागणारा वरचा थर एमसीआरचा, दहा मिलिमीटर जाडीचा, आणि त्याखाली कडक रबराचा तळ, ज्यातून बाभळीचा काटा वा काच वर येणार नाही. दोन्ही थर चिकटवलेले असून कडेने शिवलेले आहेत. सबंध सँडलमध्ये एकही खिळा नाही, हे मी घरी आल्यावर लोहचुंबक फिरवून खात्री करून घेतले. (सून हसली, पण तिनेच चुंबक शोधून दिला.) अंगठ्यात अडकवायची पट्टी मुद्दाम दिलेली नाही, कारण बधिर पायात ती दोन बोटांच्या बेचक्यात घासून जखम करते आणि चप्पल पडू नये म्हणून बोटे आवळत राहण्याची सवय लावते. त्याऐवजी पुढे दोन रुंद पट्टे आणि घोट्यामागे एक, असे तीन वेल्क्रोचे बंद आहेत. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला शिवण येत नाही. बोट फिरवले तर एकही उंचवटा लागत नाही.

रबराची मृदुता ही यातली मुख्य गोष्ट आणि फसगतही तिथेच होते. चांगल्या एमसीआरची कठीणता शोअर मापकावर पंधराच्या आसपास असावी असे मानतात. मापक काही आपल्या पर्समध्ये नसतो, पण कारागिराने हाताची खूण शिकवली: अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत थर दाबला की त्याची जाडी निम्म्यापर्यंत यावी आणि सोडताच पुन्हा होती तेवढी व्हावी. निम्म्यापर्यंत येतच नसेल तर रबर कडक आहे. पार चपटा होऊन बोटाला बोट लागत असेल तर तो फोम आहे. दुकानात तो लोण्यासारखा वाटतो, पण अंगाचा भार पडला की तळाला टेकतो आणि मग त्याचे असणे नसणे सारखेच. माझी जुनी चप्पल मी या चिमटीत धरून पाहिली, तेव्हा दीड वर्ष मी पुठ्ठ्यावरच चालत होते हे लक्षात आले. त्यानंतर बाजारातून जाताना दोन-चार दुकानांत ‘डायबेटिक’ म्हणून टांगलेल्या चपला मी चिमटीत धरून बघितल्या. एक सोडली तर सगळ्या नापास झाल्या. तो शब्द छापायला काही परवाना लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नवी सँडल पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास घालायची, काढून तळवा व पावलाची वरची बाजू पाहायची, आणि लाली वीस-पंचवीस मिनिटांत गेली नाही तर सँडल परत आणायची, असे मला बजावले होते. पहिल्याच दिवशी डाव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला अशी लाली राहिली. मला ती अर्थातच जाणवली नव्हती. सुनेने मोबाईलच्या उजेडात पाहिली. कारागिराने तो पट्टा सोडवून चार मिलिमीटर बाहेर घेतला, पैसे घेतले नाहीत. तयार जोड डब्यातून काढून देणाऱ्या दुकानात हे होणे कठीण, म्हणून मापाच्या सँडलसाठी जास्त दिलेले पैसे मला खटकत नाहीत.

दहा महिन्यांत काय झाले? नवीन जखम एकही नाही. उजवीकडचा घट्टा गेलेला नाही, पण पूर्वी दर दोन महिन्यांनी जेवढा तासावा लागे त्यापेक्षा बराच कमी तासावा लागतो, आणि हे माझे नव्हे, डॉक्टरांचे निरीक्षण आहे. एक सँडल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३४० ग्रॅम भरली. चालताना ती जड वाटते असे म्हणणार होते, पण वाटते ती उचलताना हाताला. पावसाळ्यात रबर कोरडे राहते, मात्र वेल्क्रोच्या आकड्यांत चिखल आणि दोरे अडकतात आणि पकड जाते. जुन्या दातांच्या ब्रशने दर आठवड्याला घासावे लागते. कातडी पट्टे भिजले की वाळायला दोन दिवस घेतात, आणि ओले पट्टे बोटांवर ठेवणे आम्हाला परवडणारे नाही, म्हणून पावसाळ्यात एकाच जोडीवर भागत नाही. तळ ओल्या गुळगुळीत लादीवर सरकतो. न्हाणीघराच्या दारात मी एकदा पडता पडता वाचले. हा दोष मला मोठा वाटतो, कारण ज्यांच्या पायांना जमीन नीट कळत नाही त्यांचा तोल आधीच कच्चा असतो. तळाला खोल नक्षी देणे अवघड नसावे.

सर्वांत महत्त्वाची उणीव मला उशिरा कळली. एमसीआर दबत जाते. सातव्या महिन्यानंतर अंगठ्याच्या मुळाखाली एक खोलगट खूण दिसू लागली होती, पण वरून सँडल नवीसारखीच दिसत असल्याने मी दुर्लक्ष केले. परवा कडेला पट्टी लावून मोजले, तेव्हा त्या जागी दहाऐवजी साडेसहा मिलिमीटर उरले होते, म्हणजे गादीची सर्वांत जास्त गरज जिथे, तिथेच ती सर्वांत आधी संपली. रोज चालणाऱ्याने सहा महिने ते वर्ष यांच्या दरम्यान सँडल बदलावी हे मला विकत घेतानाच सांगायला हवे होते; कारागिराने ते सांगितले नाही, मीही विचारले नाही.

नागपुरात या सँडलला दोन ठिकाणी हार पत्करावी लागते, आणि त्यात तिचा दोष नाही. पहिले ठिकाण म्हणजे घर. डॉक्टरांच्या मते घरातही अनवाणी चालायचे नाही. आमच्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मी सँडल घालून ओट्यापाशी गेले, तेव्हा त्या नुसत्या “अगं, अन्नपूर्णा आहे तिथे” एवढेच म्हणाल्या आणि मी सँडल काढली. शेवटी घरात वापरायला त्याच रबराचा, पण पातळ तळाचा दुसरा जोड बनवून घेतला (९५० रुपये), तो उंबऱ्याबाहेर कधी गेलेला नाही हे त्यांना पटवले, आणि देवघर तेवढे त्यातून वगळले. देवघरात मी आता जाड पायमोजे घालून जाते. दुसरे ठिकाण म्हणजे मंदिर. टेकडीच्या गणपतीला मी वर्षानुवर्षे जाते. उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दुपारी आवारातली फरशी तव्यासारखी तापते, आणि बधिर पायाला ते न कळल्यामुळे तळव्यावर मोठाले फोड येतात; दवाखान्यात अशी एक बाई माझ्या शेजारी बसली होती, दोन्ही तळवे पट्टीत, देवीच्या दर्शनाला उन्हात गेलेली. मी आता सकाळी सातच्या आत जाते, तेही पायमोजे घालून. रामटेकचा गड मात्र मी उन्हाळ्यापुरता सोडून दिला आहे.

ही सँडल कोणी घेऊ नये, तेही सांगते. तळव्याला उघडी जखम असेल तर ती सँडलने भरणार नाही. त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा लागतो आणि त्यासाठी डॉक्टर बहुधा प्लास्टरसारखे साधन देतात. एक पाऊल अचानक सुजले, लाल झाले, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागू लागले आणि दुखत मात्र फारसे नसेल, तर ती मुरगळ समजून शेकत बसू नये. आतली हाडे ढासळत असण्याची शक्यता असते, त्याला शार्कोचा पाय म्हणतात, आणि तिथे एकेक पाऊल टाकणेही महागात पडते. बोट काढलेले असेल किंवा पावलाचा आकार बदलला असेल, तर सपाट एमसीआर पुरत नाही, पावलाच्या साच्यावरून घडवलेला आतला तळ लागतो. आणि ज्यांची संवेदना तपासणीत चांगली आली आहे त्यांनी हिच्यावर पैसे घालवण्याची गरज नाही. नीट बसणारा साधा बूट आणि सुती पायमोजे त्यांना पुरेसे आहेत.

किमतीचा हिशेब करायचा तर बाहेरचा जोड महिन्याला १९० रुपयांना पडला, आणि वेळेवर बदलला असता तर थोडा अधिक पडला असता. त्या एका खिळ्याच्या जखमेवर ड्रेसिंग, औषधे आणि रिक्षा यांत गेलेली रक्कम मी वहीत लिहून ठेवली होती. तेवढ्यात असे सात जोड आले असते. रूपाच्या बाबतीत मात्र कारागिरांनी थोडे मनावर घ्यावे. पुतण्याच्या लग्नात नऊवारीखाली ही काळी सँडल घालून मी वावरले, आणि फोटोत सगळ्यांत आधी तीच दिसते. रबर काळे असले तरी पट्टे काळे असलेच पाहिजेत असे नाही.

दुसऱ्या जोडीचे माप गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला देऊन आले. डाव्या पट्ट्याला आधीच चार मिलिमीटर वाढवून घेतले आहेत, तळाला खोल नक्षी मागितली आहे, आणि पट्टे तपकिरी सांगितले आहेत. वितरणाची तारीख लिहिलेल्या पावतीच्या मागे सुनेने पुढच्या बदलाचा महिनाही लिहून ठेवला आहे.